सूर मारणाऱ्या मुलीच्या पायाची बोटे

अंबाजोगाई तालुक्यातील एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यातील मुख्य मजकूर असा: "माझी मुलगी 13 वर्षांची आहे. सात-आठ वर्षांची असताना तिच्या काकांनी पाठीला भोपळा बांधून तिला मळ्यातल्या विहिरीत पोहायला शिकवले आणि पुढच्या उन्हाळ्यात ती काठावरून सूर मारू लागली. यंदा आठवीसाठी ती छत्रपती संभाजीनगरला मावशीकडे राहते आणि तेथील तरणतलावावर डायव्हिंग शिकते. एक मीटरच्या फळीवरून तिला चांगली उडी जमते, आता तीन मीटरची तयारी सुरू आहे. प्रशिक्षक मात्र सतत 'अंगठे ताण' एवढेच सांगत राहतात आणि ते ताणून ताणून रात्री तिच्या तळव्यात पेटके येतात. लहानपणापासून अनवाणी हिंडल्यामुळे तिची बोटे फाकलेली आहेत. बोटे जुळून यावीत म्हणून मावशीने तिला निमुळते बूट घेऊन दिले आहेत. गेल्या आठवड्यात तलावाच्या पायरीवर तिची करंगळी आपटली, ती अजून सुजलेली आहे. घरातले म्हणतात, पायाच्या बोटांचे एवढे काय घेऊन बसलात. आमच्या आबांचा अंगठा साखरेच्या आजारामुळे काढावा लागला, तरी ते रोज शेतात जातात. खरेच या खेळात बोटांना एवढे महत्त्व आहे का, की तो नुसता दिखाऊपणा आहे? आणि असा फताडा पाय या खेळाला चालेल का?"

सप्रेम नमस्कार ताई,

आपल्या पत्रात चार-पाच प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. त्यांतील करंगळीचा प्रश्न थांबवून ठेवता येणार नाही, म्हणून तो आधी घेतो. आपटलेली करंगळी आठवडाभरानंतरही सुजलेली असेल, तर एकदा अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवून एक्स-रे काढून घ्यावा. एरवी मोठ्या माणसाच्या करंगळीला बारीक तडा गेला, तरी शेजारच्या बोटाशी पट्टीने बांधून ठेवणे एवढाच त्याचा उपचार असतो. पण 13 व्या वर्षी हाडांच्या टोकांजवळची वाढीची कूर्चा, म्हणजे जेथून हाड लांब होते तो मऊ थर, अजून खुली असण्याची शक्यता असते आणि तेथे इजा झाली आहे की नाही, हे वरून पाहून ओळखता येत नाही. बोट एका बाजूला वळलेले दिसत असेल, पाय टेकवताना कळ येत असेल किंवा नखाच्या मुळाशी रक्त साचले असेल, तर एक दिवसही थांबू नये. मुलांच्या बाबतीत अंगठ्याला ठेच लागून नखाच्या मुळातून रक्त आले, तर आतले हाड मोडून ती जखम थेट हाडापर्यंत उघडी झालेली असू शकते आणि मग जंतुसंसर्ग टाळण्यासाठी लगेच उपचार करावे लागतात. बोटे एकमेकांना बांधायला सांगितले, तर दोन बोटांच्या मध्ये कापसाची किंवा गॉजची घडी ठेवावी आणि ती ओली झाली की बदलावी. त्या पायावर न दुखता लंगडी घालता येईपर्यंत फळीवर चढायचे नाही, हा नियम तिला आजच सांगून टाका.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. प्रशिक्षक ज्या बोटांबद्दल बोलतात, ती हवेतली बोटे आहेत. ती महत्त्वाची आहेत आणि त्यांचे गुण कसे ठरतात तेही पुढे सांगतो. परंतु उडी घडते ती त्याआधी, फळीवर, आणि तेथे बोटांना नेमके उलटे काम करावे लागते. हवेत बोटे खाली ताणायची असतात, तर फळी सोडताना ती चवड्याच्या सांध्यातून वर वाकलेली आणि तरीही भक्कम असावी लागतात. आपल्या मुलीची तक्रार या दोन कामांपैकी एकावरच सगळा जोर दिल्यामुळे निर्माण झाली आहे, असे पत्रावरून वाटते.

आधी रचना पाहू. एका पायात 26 हाडे असतात आणि त्यांतील 14 एकट्या बोटांमध्ये असतात. अंगठ्याला दोन पेरे आणि बाकीच्या बोटांना प्रत्येकी तीन. अनेक लोकांच्या करंगळीतील शेवटची दोन पेरे एकमेकांना जुळलेली असतात आणि त्यांना आयुष्यभर त्याचा पत्ताही लागत नाही. अंगठ्याच्या बुडाशी, चवड्याखाली, वाटाण्याएवढी दोन सुटी हाडे असतात; अंगठा वाकवणाऱ्या आखूड स्नायूच्या कंडरांमध्ये, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट दोऱ्यांमध्ये, ती बसलेली असतात आणि शरीराचा भार अंगठ्यावर येतो तेव्हा कंडरेला चिरडू न देता तिचा जोर वाढवतात. बोटे हलवणारे सगळेच स्नायू पायात नसतात. अंगठा वाकवणारा सर्वांत दमदार स्नायू पोटरीत खोलवर असतो आणि त्याची लांब कंडरा आतल्या घोट्यामागून फिरून तळव्यात येते. म्हणून बोटांवर ताण पडला की दुखणे कधी तळव्यात, कधी घोट्यामागे, तर कधी पोटरीत जाणवते, आणि पालकांना वाटते की या तीन वेगवेगळ्या तक्रारी आहेत.

टाचेच्या हाडापासून बोटांच्या बुडापर्यंत तळव्यात एक जाड, चिवट पट्टा ताणलेला असतो. टाच उचलून आपण चवड्यावर येतो तेव्हा बोटे वर वाकतात आणि हा पट्टा चवड्याच्या हाडांभोवती गुंडाळला जातो. आपल्या विहिरीवरच्या रहाटावर दोर गुंडाळला गेला की पोहरा वर येतो, तशी येथे पायाची कमान वर उचलली जाते आणि एरवी मऊ, लवचीक असलेला पाय त्या क्षणी ताठ होतो. जे. एच. हिक्स यांनी 1954 मध्ये ही क्रिया सविस्तर मांडली आणि पायाच्या अभ्यासात ती आजही पायाभूत मानली जाते. घरी हे सहज पाहता येईल. मुलीला जमिनीवर सरळ उभे करा आणि तिचा अंगठा हाताने वर उचला. तळव्याची आतली कमान आपोआप उंचावलेली दिसेल. साधे चालतानाही टाच उचलल्यावर अंगठ्याचा बुडाचा सांधा साधारण 40 अंशांहून अधिक वर वाकतो. धावताना आणि उडी घेताना याहून जास्त लागतो. तो सांधा आखडला, तर माणूस पायाच्या बाहेरच्या कडेवरून चालू लागतो आणि पुढे गुडघा व कंबर त्याची भरपाई करत राहतात.

माकडवर्गीय प्राण्यांचा पायाचा अंगठा हाताच्या अंगठ्यासारखा बाजूला वळलेला असतो, कारण त्याला फांदी धरायची असते. माणसाच्या पूर्वजांमध्ये तो इतर बोटांच्या रांगेत आला आणि पकडण्याऐवजी रेटण्याचे काम करू लागला. टांझानियातील लाएटोली येथे 1978 मध्ये सापडलेल्या, सुमारे 36 लाख वर्षांपूर्वीच्या पाऊलखुणांमध्ये अंगठा बराचसा सरळ रेषेत उमटलेला दिसतो. तरीही पकडण्याची शक्ती आपण पूर्णपणे गमावलेली नाही. दोरीच्या मल्लखांबावर चढणारी मुले अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या बेचक्यात दोर धरून स्वतःला तोलतात, हे आपण शाळेच्या स्नेहसंमेलनात पाहिले असेलच.

आता फळीकडे येऊ. फळीवर खेळाडू मोजकी पावले टाकतो, एका पायावरून झेप घेतो आणि दोन्ही पायांच्या चवड्यांवर फळीच्या टोकाशी उतरतो. त्या भाराने फळी खाली वाकते आणि मग परत वर येते. वर येणारी फळी जो रेटा देते, तो शरीरात घ्यायचा असेल, तर आधी कंबर आणि गुडघे, मग घोटे आणि सर्वांत शेवटी बोटांचे सांधे अशा क्रमाने शरीर सरळ व्हावे लागते. फळीला शेवटचा स्पर्श बोटांचाच असतो. त्या शेवटच्या क्षणी बोटे ढिली पडली, तर चवड्यापाशी पाय मोडल्यासारखा होतो आणि फळीने दिलेला जोर तेथेच जिरतो. पाहणाऱ्याला एवढेच दिसते की उडी आज खालीच राहिली.

यापुढची गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. फळी सुटल्यानंतर शरीराला कशाचाच आधार नसतो, त्यामुळे गिरक्या घेण्यासाठी लागणारी घूर्णनाची एकूण पुंजी फळी सोडतानाच ठरून जाते. हवेत गुडघे छातीशी घेऊन गिरकीचा वेग वाढवता येतो आणि शरीर उघडून तो कमी करता येतो, परंतु पुंजी वाढवता येत नाही. तीन मीटरच्या फळीवरून मीटरभर वर उसळी घेतली, तर पाण्याला हात लागेपर्यंत साधारण 1.3 ते 1.4 सेकंद मिळतात, आणि त्या वेळात काय करता येईल, हे चवड्यांनी आणि बोटांनी आधीच ठरवलेले असते. त्यामुळे गिरकी अपुरी राहिली की मुलांना हवेतल्या चुका दाखवत बसण्यापेक्षा त्यांचे पाय फळी कसे सोडतात, हे संथ गतीच्या चित्रणात पाहणे अधिक फलदायी ठरते. हल्ली कोणत्याही मोबाइलवर तसे चित्रण करता येते. मावशींना एखाद्या दिवशी फळीच्या कडेने, प्रशिक्षकांच्या परवानगीने, ते करायला सांगा.

विहिरीवरच्या सवयीबद्दलही येथेच लिहितो. दगडी काठावरून सूर मारताना मुले बोटे काठाच्या कडेला वाकवून धरतात, आणि ते योग्यच आहे, कारण शेवाळलेल्या दगडावर तीच पकड घसरण्यापासून वाचवते. काठ हलत नाही, म्हणून त्याला धरून रेटा देता येतो. शर्यतीच्या जलतरणात उडीच्या ठोकळ्यावरून निघतानाही निदान एका पायाची बोटे पुढच्या कडेला असावी लागतात. पाठीवर पोहण्याच्या शर्यतीत मात्र सुरुवातीला तलावाच्या काठालगतच्या पाणी वाहून नेणाऱ्या पन्हळीच्या कडेवर बोटे वाकवून धरण्यास नियमानेच बंदी आहे. या पकडीचा फायदा किती असतो, ते या बंदीवरूनच लक्षात यावे. पण डायव्हिंगची फळी खालीवर होते. तिच्या टोकाला बोटे अडकवून धरण्याची सवय तेथे आड येते, कारण फळी वर येत असताना बोटे सपाट टेकलेली आणि रेटायला मोकळी हवीत. आपली मुलगी एक मीटरवर चांगली उडी घेत असूनही तीन मीटरवर अडखळत असेल, तर ही जुनी सवय तपासून पाहण्यासारखी आहे. पाठमोऱ्या उडीत याहून वेगळी परीक्षा असते: चवडे फळीच्या कडेवर आणि टाचा पाण्यावर अधांतरी. तेथे सगळा तोल बोटे आणि पोटरी सांभाळतात, आणि भीतीने बोटे आखडून घेतली की तोल मागे जातो.

बोटांच्या रेट्याने काय साधते, हे मराठवाड्यातल्या वाचकांना समजायला खो-खोचे मैदान पुरेसे आहे. धाराशिव जिल्ह्याने या खेळाला अनेक खेळाडू दिले. त्याच मातीतल्या सारिका काळे यांना 2020 मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. पाटीवर बसलेला खेळाडू खो मिळताच ज्या तडफेने उठतो, ती मागच्या पायाच्या वाकलेल्या बोटांमधून येते. टाचेवर भार देऊन बसलेल्या खेळाडूला उठायला वेळ लागतो. आपल्या मुलीने गावी खो-खो खेळला असेल, तर बोटांचे निम्मे शिक्षण तिचे झालेले आहे.

आता हवेतल्या बोटांविषयी. हा दिखाऊपणा आहे का, या आपल्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे की काही अंशी आहे. पण या खेळात दिसणे हाच खेळाचा भाग आहे आणि नियमांमध्ये तसे स्पष्ट लिहिलेले आहे. शरीर सरळ असो, कंबरेतून दुमडलेले असो की गुडघे आवळलेले असोत, पाय जुळलेले आणि बोटे ताणलेली असावीत, अशी नियमांची अपेक्षा आहे, आणि ती पूर्ण न झाल्यास पंच गुण कमी करतात. पंच शून्य ते दहा असे, अर्ध्या गुणाच्या टप्प्याने, गुण देतात. सात पंच असतील, तर वरचे दोन आणि खालचे दोन गुण वगळून उरलेल्या तिघांची बेरीज उडीच्या काठिण्यगुणांकाने, म्हणजे उडी किती अवघड आहे ते सांगणाऱ्या आकड्याने, गुणतात. समजा काठिण्य 2.0 आहे आणि ढिल्या बोटांमुळे या तिघांनी अर्धा-अर्धा गुण कापला, तर एका उडीत तीन गुण गेले. स्पर्धेतल्या पाच-सहा उड्यांमध्ये असे होत राहिले, तर पदक आणि आठवा क्रमांक एवढा फरक पडू शकतो. टोकियो ऑलिंपिकमध्ये 14 वर्षांच्या चीनच्या छुआन होंगछान हिने 10 मीटर उंचीच्या प्लॅटफॉर्मवरून (न हलणाऱ्या ओट्यावरून) मारलेल्या दोन उड्यांना सातही पंचांनी दहापैकी दहा गुण दिले होते. त्या उड्यांचे चित्रण मुलीला दाखवा आणि हातांऐवजी तिच्या पायांकडे पाहायला सांगा.

ताणलेल्या बोटांचा केवळ देखणेपणापलीकडे एक उपयोगही आहे. वर सांगितलेल्या तीन मीटरच्या फळीवरील उडीत पाण्याला हात लागतो तेव्हा शरीराचा वेग ताशी सुमारे 30 किलोमीटर असतो. 10 मीटरवरून नुसते खाली आले, तरी तो ताशी 50 किलोमीटरच्या घरात जातो. पाण्यात पहिली वाट तळहात करतात आणि उरलेले शरीर त्याच वाटेने आत जावे लागते. पाय घोट्यातून वाकलेला राहिला, तर पावलाची वरची बाजू पाण्यावर आपटते आणि सुंदर उडीच्या शेवटी शिंतोड्यांचा कारंजा उडतो. मात्र यात मुख्य काम घोट्याचे आहे, बोटांचा वाटा शेवटचा आणि थोडा आहे. पेटक्यांचे मूळ नेमके येथेच आहे.

'अंगठे ताण' असे सतत ऐकून मुले बोटे ताणण्याऐवजी मुडपून घेतात. दोन्हींत मोठा फरक आहे. पाय खाली ताणताना पोटरीचे आणि तळव्याचे स्नायू आधीच आखूड झालेले असतात. त्यात बोटे मुडपून त्यांना आणखी आवळले की थकलेला स्नायू गोळा होतो आणि पेटका येतो. मुलीला जमिनीवर पाय लांब करून बसवा. बोटे पूर्ण ढिली ठेवून फक्त घोट्यातून पाऊल पुढे ताणायला सांगा. ते जमले की मग बोटे पुढच्या भिंतीकडे लांबवल्यासारखी सरळ करायची. बोटांची मधली पेरे वर आली आणि तळव्यावर सुरकुत्या पडल्या, तर ती मुडपली गेली आहेत असे समजावे. सुरुवातीला दोन-तीन सेकंद ताणून सोडून देणे, असे थोडे थोडे करावे. अर्धा-अर्धा मिनिट ताणून धरण्याची स्पर्धा नको. या सूक्ष्म फरकाबद्दल आपण स्वतः प्रशिक्षकांशी एकदा शांतपणे बोलावे, असे मी सुचवीन. चांगल्या प्रशिक्षकाला असे विचारलेले वाईट वाटत नाही, आणि पन्नास मुले सांभाळणाऱ्या माणसाकडून एका मुलीच्या बोटांची बारीक तपासणी होणे कठीणच असते.

रात्री पेटका आला, तर गुडघा सरळ ठेवून हाताने बोटे आणि चवडा नडगीकडे ओढून धरावा. अर्ध्या-एक मिनिटात तो सुटतो. पाण्यात आला, तर आधी काठ धरायचा आणि मग हेच करायचे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पाणी भरपूर प्यावे, हे खरेच आहे, पण पेटक्याचे मोठे कारण स्नायूंचा थकवा असतो, त्यामुळे मीठ-साखरेचे पाणी देऊन सराव तसाच चालू ठेवला, तर तक्रार जाणार नाही.

फताड्या पायाविषयी आपण निश्चिंत राहा. अनवाणी वाढलेल्या मुलांचा चवडा रुंद आणि बोटे मोकळी असतात, हा दोष नाही. राव आणि जोसेफ या भारतीय तज्ज्ञांनी 1992 मध्ये 2,300 मुलांच्या पायांच्या ठशांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात पादत्राणे वापरणाऱ्या मुलांपैकी 8.6 टक्के मुलांचे तळवे सपाट आढळले, तर अनवाणी मुलांमध्ये हे प्रमाण 2.8 टक्के होते. याचा अर्थ मुलांना बाभळीच्या काट्यांतून आणि पावसाळ्यातल्या गवतातून अनवाणी पाठवावे असा नाही; शेतात पादत्राण हवेच. परंतु निमुळते बूट ताबडतोब बंद करावेत. त्यांनी बोटे जुळत नाहीत. अंगठा शेजारच्या बोटांवर ढकलला जातो आणि वर्षानुवर्षे असे घडत राहिले, तर त्याच्या बुडाशी हाड पुढे येऊन कायमचे वाकडेपण येऊ शकते. फळीवर पाय जुळलेले दिसण्यासाठी घोटे आणि गुडघे जुळावे लागतात, बोटांचा पंजा अरुंद असावा लागत नाही. बूट घेताना मुलीला कागदावर उभे करून पावलाची कड पेन्सिलीने आखून घ्या आणि बुटाचा तळ त्यावर ठेवून पाहा. आखलेली रेघ बुटाबाहेर दिसली, तर तो बूट दुकानातच ठेवावा.

व्यायाम फार लागत नाहीत. पायरीच्या कडेवर चवडे ठेवून, कठड्याला धरून, टाचा हळू वर नेणे आणि त्याहून हळू खाली आणणे. अंगठा जमिनीवर दाबून बाकीची चार बोटे उचलणे आणि मग उलट करणे (पहिल्या दिवशी हे बहुतेकांना जमत नाही, मोठ्यांना तर अजिबातच नाही). डोळे मिटून एका पायावर उभे राहणे. करंगळी पूर्ण बरी झाल्यावर आठवड्यातून तीन-चार दिवस हे पुरे. तलावातून बाहेर आल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसण्याची सवय लावा, नाहीतर पावसाळ्यात शेतात होतात तशा चिखल्या तलावाच्या पाण्यानेही होतात. नखे सरळ रेषेत कापावीत, कोपरे आत कोरू नयेत.

आणखी एक सूचना मे महिन्यासाठी. सुट्टीत ती गावी येईल आणि शहरात शिकलेली उडी विहिरीत दाखवायचा मोह तिला आणि तिच्या भावंडांना होईल. तीन मीटरच्या फळीखाली तलावात साडेतीन मीटरहून अधिक पाणी असते. आपल्या भागातील विहिरींची पातळी उन्हाळ्यात किती खाली जाते, ते मी आपल्याला सांगायला नको; काठाची उंची वाढते, पाणी घटते आणि तळचा काळा खडक वर येतो. अशा पाण्यात डोक्यावर पडल्यास मानेचे हाड मोडून कायमचे अपंगत्व येऊ शकते. पाण्याची खोली बांबूने किंवा दोराने मोजल्याशिवाय सूर मारायचा नाही, आणि शंका असेल तेथे पायऱ्यांनीच उतरायचे.

आबांच्या अंगठ्याचा दाखला घरात दिला जातो, म्हणून त्याविषयीही लिहितो. अंगठा नसतानाही माणूस चालू शकतो, हे खरे आहे. त्याची पावले आखूड होतात, त्या पायाने पुढे रेटा देणे कमी होते, आणि सपाट बांधावर चालताना हे कुणाच्या लक्षातही येत नाही. पण त्याच पायावर धावणे किंवा उडी घेणे ही वेगळी गोष्ट आहे. शिवाय अंगठ्याने उचलायचा भार आता शेजारच्या बोटांच्या बुडांवर पडतो. साखरेच्या आजारात पायाची संवेदना कमी झालेली असेल, तर तेथे न दुखणारी जखम होते आणि अनेक रुग्णांना पुढे आणखी एखादे बोट किंवा पायाचा भाग गमावण्याची वेळ येते. ते रोज शेतात जातात, ही बाब मला कौतुकाइतकीच काळजीचीही वाटते. रोज संध्याकाळी उजेडात त्यांचे दोन्ही तळवे आणि बोटांच्या बेचक्या कुणीतरी पाहाव्यात; त्यांना स्वतःला वाकून दिसत नसेल, तर आरसा खाली धरावा. शेतात अनवाणी किंवा बोटांत पट्टा अडकवलेल्या चपलेत जाऊ नये. अंगठ्याची रिकामी जागा भरून भार वाटून देणारे मऊ तळवे आणि त्यासाठीची खास पादत्राणे मिळतात. जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्याबाबत विचारावे. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळच आहे. मुलीच्या करंगळीचा एक्स-रे काढायला ती गावी आलेली असताना जाणार असाल, तर आबांनाही सोबत न्या. शहरातच काढणार असाल, तर तो तीन मीटरच्या सरावाआधी काढून घ्यावा आणि डॉक्टरांचे मत प्रशिक्षकांना लेखी कळवावे.